कोणी मोजलंन?

अजूनही कुणी माझ्यासमोर ‘अंदाजे’ म्हणालं, की माझी मान आपोआप दाराकडे वळते. वाटतं, दारात परकारभाई उभे असणार. चष्मा कपाळावर चढवलेला, शर्टाच्या खिशातून स्टीलची फूटपट्टी डोकावत असलेली. आणि ते अगदी हलक्या आवाजात विचारणार, “कोणी मोजलंन?”

या दोन शब्दांनी त्यांनी आमच्या ऑफिसातल्या निम्म्या माणसांना जेरीला आणलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना ते थोडे चक्रम वाटत. (हे निम्मे मी मोजलेले नाहीत, कबूल करते.) “आज फार उकडतंय” म्हणायची सोय नव्हती. आमचा शिपाई एकदा सहज म्हणाला, “भाई, त्या कपाटात शंभर तरी फायली असतील.” भाईंनी विचारलं, त्यानं निमूटपणे मोजल्या, त्रेसष्ट निघाल्या. पुढे आठवडाभर तो भाईंना पाहिलं की मागच्या दारानं जायचा. पण भाईंच्या विचारण्यात टोमणा नसे. पाण्याचा माठ कुठे आहे, हे जसं आपण विचारतो, तसं ते विचारत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे, हाच सगळा त्रास होता.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. रत्नागिरीत एका सरकारी खात्यानं संगणक केंद्र उघडलं होतं. आतल्या काचेच्या खोलीत कपाटाएवढं यंत्र होतं आणि त्याच्यासाठी थंड हवेची सोय होती. साहेबांच्या खोलीत फक्त पंखा होता. त्यामुळे साहेबांना दिवसातून पाच-सहा वेळा यंत्राची चौकशी करावीशी वाटे. बाहेरच्या हॉलमध्ये आठ टर्मिनलं, म्हणजे हिरव्या अक्षरांचा पडदा आणि कळफलक. तिथे आम्ही आठ जणी बसून गावोगावच्या पाहणीचे तक्ते भरत असू. सगळी माहिती आत यंत्रात एकाच जागी साठायची, तिला डेटाबेस म्हणत. सकाळी आपापल्या टर्मिनलवर नाव आणि परवलीचा शब्द टाकला, की प्रत्येकीची त्या साठ्याशी वेगळी जोडणी उघडे. यंत्राची मेमरी चार एमबी होती. आज माझ्या नातवाच्या खेळण्यात याहून जास्त असेल, पण तेव्हा साहेब पाहुण्यांना “चार एमबी” असं सांगताना आवाज खाली आणत.

मी लांज्याची. आई काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायला जायची आणि शाळा संपल्यावर दोन हंगाम मीही गेले होते. काजूच्या टरफलाचं तेल बोटांना लागलं की कातडी काळी पडते, सोलवटते आणि कितीही राख लावली तरी जेवताना हात लपवावेसे वाटतात. टायपिंगची परीक्षा पास झाले, कुठूनसा अर्ज केला आणि ही नोकरी मिळाली. हुकमावर ‘तात्पुरत्या स्वरूपात’ असं लिहिलं होतं. ते दोन शब्द मी रोज मनात वाचत असे. माळनाक्याजवळ मंदा नावाच्या दुसऱ्या ऑपरेटरबरोबर खोली घेतली होती, आणि बोटांची कातडी पहिल्यांदाच माणसांसारखी दिसायला लागली होती.

परकारभाईंचं पद काय होतं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कागदावर ‘सुपरवायझर’ होतं, पण यंत्राचा दिवा लागला नाही तर भाई, प्रिंटरचा कागद अडकला तर भाई आणि साहेबांच्या खोलीतला पंखा कुरकुरला तरी भाईच. ते मूळचे दाभोळचे. वडील मालाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे नावेचे म्होरके, होते. भाईंनी ऐन उमेदीची वर्षं आखातात एका बंदरावर चढत्या-उतरत्या मालाची गणती करण्यात काढली. तिथे संगणक आला, गणतीवाल्यांतल्या या एकाला त्याच्यासमोर बसवलं आणि ते शिकले. आई आजारी पडली म्हणून परत आले ते इथेच राहिले. इंग्रजी मॅन्युअल ते एकेका ओळीवर फूटपट्टी ठेवून वाचत. साठ पानांना महिना लागे, पण वाचलेलं पान पुन्हा उघडावं लागत नसे.

आम्हाला ते नावानं हाक मारत नसत. मी लांजा, मंदा पावस, आणखी एक होती ती देवरूख. “लांजा, तुझा पडदा पुस जरा,” असं ते म्हणत, तेव्हा अख्खं गाव आळशी असल्यासारखं वाटे. आम्ही त्यांना भाई म्हणत असू. ईदला घरून भाभी तांदळाच्या रव्याची वाफवलेली गोड सांदणं पाठवत. डब्यात मोजून आठ असत, आणि साहेबांसाठी एक वेगळं, केळीच्या पानात गुंडाळलेलं.

त्यांच्या फूटपट्टीला सुट्टी नव्हती. मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेले की सुरमईला ती लावून बघत. एकदा मंदा आणि मी मागेच उभ्या होतो. मासेवालीनं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “भाई, मासो घेताव की त्याला सदरा शिवताव?” आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. भाई जराही लाजले नाहीत. “परवा हाच भाव होता, पण दीड इंच जास्त होती,” म्हणाले. तिनं वर दोन बांगडे टाकले. ऑफिसात ही गोष्ट मंदानं इतक्या वेळा करून दाखवली, की शेवटी भाईंनीच तिला मासेवालीचे हात नक्की कुठे होते ते दुरुस्त करून दिलं.

ही सवय कुठून आली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. लहानपणी वडिलांबरोबर मचव्यावर जात. माल भरायच्या आधी वडील रिकाम्या मचव्याच्या अंगावर, पाण्याच्या रेषेशी, खडूनं खूण करत. मग पहिल्या दहा गोण्या चढल्या की दुसरी खूण, पुढच्या दहा चढल्या की तिसरी. “दुसरे तांडेल नुसतं बघून सांगायचे, अजून वीस मावतील. बा कधी सांगायचा नाय. बोलायचा, खडू सांगेल.” कुणाचा मचवा बुडाला होता का, असं मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून विचारू नये असं वाटलं.

त्या वर्षी आमचं काम होतं पाण्याच्या पाहणीचं. प्रत्येक घराचा एक तक्ता. माणसं किती, गुरं किती, विहीर आहे का. आमच्या लांज्याकडच्या एका वाडीचे तक्ते मीच भरले. यंत्रानं बेरीज छापून दिली: घरं तेवीस, विहिरी तेवीस. साहेब खूष झाले. ते कोल्हापूरकडचे, पाटीलसाहेब. म्हणाले, “काय सुखी वाडी आहे बघा की. हिला टँकर कशाला पायजे?” आणि टँकरच्या यादीतून त्या वाडीचं नाव काढायला पेन उघडलं.

“कोणी मोजलंन?” भाई म्हणाले.

“अहो परकार, यंत्रानं मोजलंय.”

“यंत्रानं बेरीज केलीन, साहेब. मोजलंन कोणी?”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “भाई, ती वाडी मी बघितल्ये. तिथे एकच विहीर हाय, सामाईक. पण कुणालाही विचारा, ‘आमची विहीर’ असंच म्हणतात. आमच्याकडे तसंच बोलतात.”

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. तेवीस घरांच्या तेवीस बायका एकाच काठावर घागरी ठेवतात, पण प्रत्येकीच्या तोंडी विहीर तिची स्वतःची असते. पाहणीवाला दारात उभा राहून विचारणार, विहीर आहे का, आणि ती सांगणार, आहे. तिनं खोटं सांगितलेलं नसतं आणि यानं चुकीचं लिहिलेलं नसतं. भाई मात्र रविवारी एसटीनं त्या वाडीत जाऊन आले आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला: विहीर एक, पाणी साडेतीन हात. वाडीचं नाव यादीत राहिलं. साहेबांना त्यांनी सांगितलं, “लांजानं सांगितलंन. मी फक्त दोर सोडून बघितला.” सरकारी कागदाच्या संदर्भात कुणी माझं नाव घेण्याची ती पहिली वेळ, नाव म्हणजे गावाचं का होईना.

एवढं सगळं सांगायचं कारण पुढे आहे.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी यंत्र अडखळायला लागलं. सकाळी आठही टर्मिनलं सुरळीत चालत. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र पडद्यावरची अक्षरं रेंगाळायला लागत. एक कळ दाबावी आणि पदर सावरून, पाणी पिऊन यावं, तेव्हा ते अक्षर उमटे. आतल्या खोलीत डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असे. चारच्या सुमारास सगळंच ठप्प. तक्त्यांचे ढीग साचायला लागले, वरून पत्रं यायला लागली. साहेबांनी मुंबईहून यंत्र पुरवणाऱ्यांचा इंजिनियर बोलावला.

तो सकाळी आला, दुपारच्या गाडीनं परत गेला. तरुण, चुणचुणीत, बोलताना पेन फिरवणारा. त्यानं एक टर्मिनल चालू केलं आणि कोण किती जागा घेतंय ते यंत्राला विचारलं. यंत्रानं सांगितलं, ही जोडणी सातशे किलोबाइट. चार एमबीमधून, म्हणजे चार हजार शहाण्णव किलोबाइटमधून, यंत्राला स्वतःला लागते ती वजा जाता सगळ्यांसाठी उरतात दोन हजार नऊशे नव्वद. त्यानं फळ्यावर भागाकार केला आणि चाराच्या आकड्याभोवती गोल काढला. म्हणजे टर्मिनलं चारच चालतील. आठ हवी असतील तर मेमरी वाढवा.

मेमरी वाढवायची म्हणजे मुंबईची मंजुरी, आणि तिला किती काळ लागतो ते साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी संध्याकाळी आम्हाला बोलावून सांगितलं, की महिनाअखेर चार टर्मिनलं बंद होतील आणि ज्या चौघी तात्पुरत्या आहेत त्यांना मोकळं करावं लागेल. आवाज कठोर नव्हता. उलट त्यांना वाईट वाटत होतं आणि त्यामुळेच ते खरं वाटलं. चौघींत मंदा होती आणि मी होते. खोलीवर गेल्यावर मी कितीतरी वेळ नुसती बोटांकडे बघत बसले. हंगाम तोंडावर होता, फॅक्टरीत माणसं लागणारच होती. आई काही बोलली नसती, तिनं फक्त जुना चाकू काढून ठेवला असता. मला त्या चाकूची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी भाई फळ्यासमोर उभे होते. चष्मा कपाळावर. “एक मोजलंन,” ते स्वतःशीच म्हणाले, “आणि बाकीचे अंदाजे.” मग साहेबांकडे गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे ऐकू येत होतं.

“साहेब, सातशेच्या आठ म्हणजे पाच हजार सहाशे. यंत्रात जागाच चार हजारांची. मग रोज एक वाजेपर्यंत आठही जणी काम करतात, ते कुठे बसतंय?”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, “तुम्हाला काय पायजे?”

“आठ दिवस.”

भाईंनी शंभर पानी वही घेतली, तिला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं आणि मोजायला बसले. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही आठही जणी हात मांडीवर ठेवून टर्मिनलसमोर बसलो. कुणी कळ दाबायची नाही. भाई आतून, काचेच्या दारातून हाक मारत. आधी त्यांनी रिकाम्या यंत्रात मोकळी जागा किती ते लिहिलं: दोन हजार नऊशे नव्वद. “पावस, ये आत,” म्हणाले. मंदानं जागेवरूनच नाव टाकलं, जोडणी उघडली. दोन हजार दोनशे नव्वद. सातशे गेले, इंजिनियर म्हणाला होता तसेच. “देवरूख.” देवरूखनं नाव टाकलं. भाई पडद्याकडे बघत राहिले, पुन्हा विचारून बघितलं, चष्मा डोळ्यांवर आणला. दोन हजार सत्तर. दुसऱ्या जोडणीनं फक्त दोनशे वीस घेतले होते. तिसरीनं दोनशे वीस. चौथीनं तेवढेच. माझी आठवी. मी आत गेल्यावर साडेसातशे उरले होते.

“म्हणजे मावलं की सगळं,” मंदा म्हणाली.

भाईंनी यंत्राला पुन्हा विचारलं, कोण किती घेतंय. आठ ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीत सातशे. ते बाहेर आले, माझ्या टेबलाशी थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, फार क्वचित दिसायचं ते.

“लांजा, तुझी विहीर गो.”

मला कळायला क्षणभर लागलं. प्रोग्रॅमचा मोठा भाग आणि डेटाबेसनं सगळ्यांसाठी राखलेली जागा मेमरीत एकदाच येते, आठही जणी तीच वापरतात. पण एकेकीला विचारलं की ती सामाईक जागाही ‘आमची’ म्हणून सांगते. इंजिनियरनं एका घराची विहीर मोजून तिला घरांनी गुणलं होतं. भाईंनी वहीत ते लिहिलं आणि शेजारी कंसात ‘लांजा’ असं लिहिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पण मग दुपारी काय होत होतं? आठ जणी सुखानं मावत होत्या, तर यंत्र दमत का होतं? भाई रोज चार वेळा आकडे घ्यायला लागले: दहा वाजता, साडेबाराला, दोनला, चारला. साडेबाराला आठ जोडण्या. दोनला सोळा. माणसं तीच, टर्मिनलं तीच, आत बसलेले मात्र दुप्पट. तिसऱ्या दिवशी भाई जेवायला उठले नाहीत. डबा घेऊन काचेच्या खोलीत यंत्रामागे बसले. आम्हाला वाटलं, थंडाव्यात जेवतायत.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजूनही ओशाळं वाटतं. यंत्र अडखळायच्या थोडं आधी आमच्या हॉलच्या भिंतीवर साहेबांच्या सहीचा बोर्ड लागला होता: ‘गरज नसताना दिवे, पंखे व यंत्रे बंद ठेवावीत.’ लांज्याच्या घरात एक दिवा जास्त जळला तरी आईचा जीव खालीवर होई, तिथे वाढलेली मी. शिवाय तात्पुरती. कुणी तरी बघावं, ही मुलगी कामाची आहे असं म्हणावं, म्हणून मी जेवायला सगळ्यांच्या शेवटी उठत असे आणि जाताना आठही टर्मिनलांचे स्विच बंद करत असे. माझं एकटीचं नाही, आठही. दिवे, पंखे आणि टर्मिनलं. मोठ्या अभिमानानं.

टर्मिनलचा स्विच बंद केला की पडदा काळा होई, पण आत डेटाबेसनं त्या टर्मिनलसाठी मांडलेला पाट, म्हणजे ती जोडणी, कुणी उचलत नसे. परत चालू केलं की तो नवा पाट मांडे, जुना तसाच. दोन वाजता आठ जिवंत पाट आणि आठ रिकामे, रिकाम्यांनीही जागा अडवलेली. रात्री यंत्रच बंद होई, म्हणून सकाळी पुन्हा सगळं कोरं. जोडणी रीतसर बंद करून मगच उठायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. यंत्र आणणाऱ्यांनी ते गृहीत धरलं होतं.

आठ दिवस भरल्यावर भाईंनी साहेबांना हॉलमध्ये बोलावलं. आम्हाला एकेक करून आत घेतलं, आकडे मोठ्यानं वाचले. साहेबांनी स्वतः माझ्या टर्मिनलवर बसून आपलं नाव लिहिलं, पटकन उमटलं. ते हसले. “मग दुपारी काय होतंय ह्याला?”

“आता दुपार करतो,” भाई म्हणाले. ते आठही टर्मिनलांपाशी एकामागून एक गेले आणि स्वतःच्या हातानं स्विच बंद करत आले. मग पुन्हा सगळे चालू केले. ते पाचव्या की सहाव्या स्विचपाशी होते. मला तेव्हा कळलं. त्या हॉलमध्ये मंदाखेरीज कुणाला ते माझं काम ठाऊक नसावं, आणि मंदा जमिनीकडे बघत होती. आम्ही पुन्हा नावं टाकली. साहेबांनी पुन्हा आपलं नाव लिहायला घेतलं आणि ‘पाटील’मधला ‘टी’ यायची वाट बघत बसले. आत डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला.

साहेब खुर्ची मागे सारून उठले. “हे रोज बंद कोण करतंय? नाव सांगा बघू.”

भाईंना कधी कुठला आकडा सांगायला वेळ लागत नसे. त्या दिवशी लागला. त्यांनी फूटपट्टी खिशातून काढली, पुन्हा खिशात ठेवली.

“ते मी मोजलं नाय, साहेब.”

“आठ दिवस बसलाय की हितं.”

“जोडण्या मोजल्या. माणसं नाय मोजली.” मग भिंतीकडे मान वळवून म्हणाले, “बोर्ड मात्र वाचला.”

साहेबांनी आपलाच बोर्ड वाचला. सहीसकट वाचला असावा, कारण वेळ लागला. मग घसा खाकरून आपल्या खोलीत गेले. संध्याकाळी बोर्ड उतरला होता आणि दुसऱ्या दिवशी भाईंच्या ठसठशीत अक्षरात नवा लागला: ‘आधी जोडणी बंद करावी, मग यंत्र.’ दुपारचं अडखळणं त्याच दिवसापासून थांबलं. मुंबईला पत्र गेलं, मेमरी नको. महिनाअखेर आली आणि गेली. चौघींपैकी कुणालाही मोकळं केलं नाही.

मला गप्प बसवेना. साहेब गेल्यावर मी भाईंच्या टेबलाशी गेले. “भाई, ते स्विच...”

“लांजा,” ते मान वर न करता म्हणाले, “तुझं टर्मिनल वाट बघतंय.”

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी मला सकाळचे आकडे घ्यायला लावले. दहा वाजता जोडण्या किती, मोकळी जागा किती, वहीत लिही. आधी वाटलं शिक्षा आहे. महिन्याभरानं कळलं, ते मला शिकवत होते. मी ‘साधारण सातशे’ लिहिलं की वही परत येई. माझा हुकूम कायम झाला तेव्हा मी आकडेच सांभाळत होते आणि पुढची सगळी नोकरी मी तेच केलं. यंत्रं बदलत गेली, चार एमबीचे आकडे ऐकून नवी मुलं हसायला लागली, पण सामाईक विहीर सगळ्यांच्या नावावर मांडायची चूक मात्र तशीच राहिली. दर वेळी कुणीतरी नवा हुशार येऊन ती करायचा आणि मी दारात उभी राहून विचारायची. माझ्या संसाराला, मुलांच्या शिक्षणाला, या हातांना जे काही बरं मिळालं, त्याच्या मुळाशी तो माणूस आहे. हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काय विचारलं असतं ते ठाऊकच आहे.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं भाई निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला. शाल त्यांनी वितीनं मोजली असं मंदा सांगते, मी पाहिलं नाही. भाषण करा म्हटल्यावर उभे राहून म्हणाले, “आठही चालू हायत ना, मग झालं,” आणि बसले. दुपारी त्यांची दापोलीची गाडी होती, पुढे दाभोळला जायचं. मी स्टँडवर पोचवायला गेले. ते खिडकीशी बसले, सामान मांडीवर घेतलं, आणि पिशवीतून ती कॅलेंडरचं कव्हर घातलेली वही काढून माझ्या हातात दिली. “तुला लागेल,” म्हणाले.

गाडी सुटायला वेळ होता म्हणून मी उभ्या उभ्या पानं चाळली. दोन हजार नऊशे नव्वद. दोन हजार दोनशे नव्वद. विहिरीशेजारचं माझं गाव. आणि पुढच्या पानावर, तिसऱ्या दिवसाखाली, त्याच सरळ अक्षरात एक ओळ: ‘१.०५. आठही स्विच. लांजा.’

मी वही उघडीच खिडकीशी धरली. “भाई, तुम्ही तर साहेबांना सांगितलंत, मोजलं नाय म्हणून.”

भाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. ओळ वाचली. फूटपट्टी काढली नाही, नुसती वाचली. मग वही मिटून बाहेर माझ्याकडे सारली. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, मी दोन पावलं बरोबर चालले.

“ते होय,” भाई म्हणाले, “ते अंदाजे लिवलंय, बाय.”